धुराचा प्रवेश

“माल चोख आहे, मॅडम. ओढणाऱ्याची पद्धत चुकतेय,” लालवाणी म्हणाला.

मी पर्समधली प्लॅस्टिकची पिशवी काढली आणि त्याच्या काचेच्या काउंटरवर उपडी केली. बॅटरीच्या सिगारेटची कार्ट्रिजं गडगडत कॅल्क्युलेटरपर्यंत गेली. काही बाहेरून चिकट झालेली, एकाचं तोंड करपलेलं, आणि उरलेली दिसायला गोरीगोमटी, पण ओढली की नुसती गुरगुरणारी.

“पद्धत चुकतेय? चाळीस वर्षं सिगारेट ओढलेला माणूस आहे तो. त्याला तुम्ही ओढायला शिकवणार?”

“तेच तर सांगतो. खऱ्या सिगारेटची सवय. जोरात ओढतात. हिला हळू ओढायचं असतं, प्रेमानं. नाचता येईना, अंगण वाकडं.”

जन्म पुण्याच्या कॅम्पातला, त्यामुळे लालवाणीला मराठी म्हणी आमच्यापेक्षा जास्त यायच्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“हे अंगण सरळच होतं हो! पहिला डबा छान चालला. दुसऱ्यापासून ही रड. गळतं काय, करपतं काय, तोंडात पाणी काय येतं! नाटक आहे आमचं. पाचशे माणसं समोर बसलेली असतात.”

“मग असं करा,” तो समजुतीच्या स्वरात म्हणाला, “त्यांना म्हणावं, खरीच ओढा.”

तिथेच मला रडू यायचं बाकी राहिलं. कारण जो भेटेल तो हेच म्हणत होता, आणि नेमकं तेच होऊ नये म्हणून मी उन्हातान्हात कॅम्प पालथा घालत होते.

ही गोष्ट बंदी यायच्या दोनेक वर्षं आधीची. तेव्हा या बॅटरीच्या सिगारेटी दुकानात उघड्यावर मिळत. मी नंदू चौबळनं बसवलेल्या नाटकात श्रीरंग पाटणकरांच्या मुलीचं काम करत होते. कंपनी लहान, माणसं मोजकी, म्हणून मुलीच्या कामाबरोबर नाटकाची प्रॉपर्टीही माझ्याच गळ्यात पडली होती. प्रॉपर्टी म्हणजे रंगमंचावर हाताळायच्या वस्तू: चष्मा, फायली, पाण्याचा तांब्या, आणि ती सिगारेट.

नाटकात श्रीरंगकाका निवृत्त न्यायाधीश होते. एका निरपराध माणसाला आपण तुरुंगात धाडलं हे त्यांना उशिरा कळतं, मुलगी घर सोडून जाते, आणि शेवटच्या प्रवेशात ते एकटे आरामखुर्चीत बसून सिगारेट ओढतात. शब्द एकही नाही. वरून एक दिवा खुर्चीवर पडतो, त्या उजेडात धूर चढत जातो, चढत जातो, आणि पडदा. नंदूदाच्या मते आधीचं सगळं नाटक ही त्या धुराची प्रस्तावना होती. आम्ही बाकीचे नट म्हणजे प्रस्तावनेतले स्वल्पविराम.

नाटकाच्या तालमी ठरल्या आणि काकांना हार्ट अटॅक आला. छातीत दोन स्टेंट बसले. डॉक्टरांनी सांगितलं, यापुढे सिगारेट नाही, एकसुद्धा नाही. तुळशीची, औषधी वगैरे म्हणतात ती आणून पाहिली, तर डॉक्टर म्हणाले, धूर तो धूर. मग नंदूदाच्या भाच्यानं ही बॅटरीची वस्तू शोधून काढली. तंबाखू नाही, निकोटिन नाही, नुसती पुदिन्याच्या वासाची वाफ. कार्ट्रिज म्हणजे तिच्या तोंडाकडच्या टोकाला बसवायची, वाफेच्या पाण्यानं भरलेली नळकांडी. पुढे निळा दिवा लागायचा, तो मी नारिंगी नेलपॉलिश लावून निखाऱ्यासारखा केला. लांबून कुणी शपथेवर सांगितलं असतं की सिगारेटच आहे.

तरी शैलाकाकू काकांना सोडायला तयार नव्हत्या. शेवटी सोडलं, पण दौऱ्यावर निघायच्या आदल्या दिवशी मला घरी बोलावून घेतलं.

“हे बघ चारू,” काकू म्हणाल्या, “ह्यांनी मला शब्द दिलाय, कुणाकडे सिगारेट मागणार नाही म्हणून. आणि हे मागायचे नाहीत, शब्दाचे पक्के आहेत. पण कुणी आपणहून हातात दिली, तर नाही म्हणायचे नाहीत. मी पस्तीस वर्षं ओळखते ह्यांना. लग्नातसुद्धा कुणी आग्रह केला की जिलबी संपेपर्यंत उठत नाहीत. म्हणून तुला सांगते. ह्यांच्या हातात जे जाईल ते तुझ्या हातून जाईल. तू द्यायची नाहीस. कुणी काही म्हणो.”

“नाही देणार, काकू.”

“पुन्हा अटॅक आला तर डॉक्टरांनी हात वर केलेत. एवढं लक्षात ठेव.”

मी ठेवलं. आणि त्या दिवसापासून माझ्या मागे त्या कार्ट्रिजांचं शुक्लकाष्ठ लागलं.

सुरुवातीचे प्रयोग झकास झाले. साताऱ्यापासून बिघडलं. तिथे धूर निघाला, पण कसा, तर चहाच्या कपातून निघावा तेवढा. नंदूदा विंगेत केस उपटत होता. कराडला तर दिवा लागला आणि धूर शून्य. काका ओढताहेत, गाल आत जाताहेत, नारिंगी टोक चमकतंय, आणि तोंडातून काही म्हणजे काही बाहेर येत नाही. बाल्कनीतून कुणीतरी ओरडलं, “ओ जजसायेब, काडीपेटी देऊ का?” अख्खं नाट्यगृह हसलं. त्या हसण्यात पडदा पडला.

इचलकरंजीला कार्ट्रिज गळलं. कडू गुळचट पाणी सगळं काकांच्या तोंडात गेलं. त्यांनी तोंड वेडंवाकडं करून रुमालात थुंकलं. दुसऱ्या दिवशी तिथल्या वर्तमानपत्रात आलं, ‘अखेरीस न्यायमूर्तींना स्वतःचीच किळस येते, तो क्षण पाटणकरांनी जिवंत केला.’ काकांनी ते कात्रण पाकिटात ठेवलं. नंदूदाला मात्र त्या कौतुकाचं सोयरसुतक नव्हतं.

“चारू, आता बास,” परतीच्या बसमध्ये तो माझ्या शेजारी येऊन बसला. “सांगलीला अजून एकदा बघू. तिथे दगा दिला, तर कोल्हापूरला खरी सिगारेट. कोल्हापूरचे नाटकांचे कॉन्ट्रॅक्टर प्रयोग बघायला येताहेत, त्यांच्या हातात पुढचा सगळा हंगाम आहे.”

“आणि काकांच्या छातीचं काय?”

“एका प्रयोगाला एक सिगारेट. एकानं माणूस मरतो?”

“डॉक्टर म्हणाले, एकसुद्धा नाही.”

“डॉक्टरांना नाटक करायला सांग मग!” तो उठून पुढे गेला.

काका समोरच्याच सीटवर होते. खिडकीबाहेर बघत होते. सगळं ऐकू जात होतं त्यांना, पण त्यांनी मान वळवली नाही. मला त्यांचा अभिमान वाटला. म्हटलं, बघा, दुसरा कुणी असता तर लगेच नंदूदाची री ओढली असती.

तर अशी मी लालवाणीच्या दुकानात उभी होते. मी आवाज चढवल्यावर त्यानं नवा डबा फोडला, एक कार्ट्रिज माझ्यासमोर लावून ओढलं आणि दुकानभर ढग सोडला. “बघा, आहे का दोष?” मी म्हटलं, तुमच्यावर माझा विश्वास नाही, आणि उरलेली मी स्वतः ओढून पाहिली. उभ्या जन्मात सिगारेट तोंडात न धरलेली बाई मी, भर दुपारी कॅम्पात उभी राहून पुदिन्याच्या वाफा सोडत होते, आणि बाहेरून जाणाऱ्या दोन आजीबाई थांबून बघत होत्या. सगळी उत्तम चालली.

“आता बिघडली ना,” मी निघताना म्हटलं, “तर दुकानासमोर उपोषणाला बसेन.”

“बसा मॅडम, चहा पाठवतो,” लालवाणी म्हणाला.

सांगलीला आम्ही दुपारीच पोचलो. सामान लागलं. मी प्रॉपर्टीचं टेबल विंगेच्या मागे लावलं, कार्ट्रिजं पुन्हा ओढून पाहिली, स्वच्छ पुसली आणि पत्र्याच्या डबीत ठेवली. नंदूदा तिथे आला आणि त्यानं खिशातून सिगारेटचं पाकीट आणि काडेपेटी काढून डबीशेजारी ठेवली.

“हे इथून उचल,” मी म्हटलं.

“असू दे. देव न करो आणि वेळ आली, तर शोधाशोध नको.”

मी पाकीट उचलून टेबलाच्या पार कडेला, पडद्याच्या दोरखंडामागे सरकवलं.

पहिला अंक छान झाला. सांगलीचा प्रेक्षक समजदार, योग्य जागी गप्प, योग्य जागी हसणारा. मध्यंतरात बाकीचे वडे खायला पळाले. काका नेहमीप्रमाणे प्रॉपर्टीच्या टेबलाकडे गेले. ही त्यांची जुनी शिस्त. नटानं दुसऱ्या अंकाआधी आपली प्रॉपर्टी आपल्या हातानं तपासायची, असं त्यांच्या गुरूंनी शिकवलं होतं. “रंगमंचावर माणूस सांभाळून घेतो गं, वस्तू नाही घेत,” ते म्हणायचे. चष्म्याची काडी वाकवून बघत, फायलीची नाडी सोडून बांधत, डबी उघडून बघत. नव्या पोरांना आम्ही सांगायचो, शिका काहीतरी म्हाताऱ्याकडून. आणि तपासताना त्यांच्याजवळ कुणी थांबायचं नाही, हाही आमच्यातला एक आदबीचा भाग होऊन बसला होता.

मीही कधी थांबले नसते. पण माझ्या पदराची पिन तुटली, आणि पिना, टाचण्या, सुईदोरा हे सगळं त्याच टेबलाच्या खणात असायचं. म्हणून मी गेले.

मला टाचणी हवी होती, आणि टाचणी काकांच्या हातात होती.

ते पाठमोरे उभे होते. न्यायाधीशाचा काळा कोट, वाकलेली मान. डबीच्या झाकणात दोन कार्ट्रिजं ओली होऊन पडली होती. तिसरं, डबीतलं शेवटचं, त्यांनी चिमटीत धरलं होतं आणि तोंडाकडचं रबर बाजूला करून टाचणी आत फिरवत होते. सफाईनं, घाई न करता, कानातला मळ काढावा तसे.

“काका?”

“तपासतोय,” ते मागे न बघता म्हणाले.

मग त्यांना माझा आवाज कळला. हात थांबला. टाचणी तशीच आत राहिली.

“तुम्ही,” मी म्हटलं. लालवाणीचा चेहरा, उन्हातल्या फेऱ्या, कराडचं ते हसणं, सगळं एकदम डोळ्यांसमोर आलं. “तुम्ही करत होतात हे? कधीपासून?”

“सातारा.”

“का पण?”

ते वळले. चेहऱ्यावर रंग होता, त्यामुळे लाज होती की राग, ते दिसत नव्हतं. आवाज मात्र खालचा होता.

“शैलाला शब्द दिलाय मी. मागणार नाही म्हणून. मागितली का कुणाकडे? तू सांग. एकदा तरी?”

“नाही.”

“मग झालं तर.”

“म्हणजे नंदूदानं द्यावी म्हणून हे! धूर निघेना, नाटक पडेना का, हसेनात का लोक, पण शेवटी कंटाळून कुणीतरी तुमच्या हातात सिगारेट ठेवायची. आणि तुम्ही म्हणणार, मी कुठे मागितली?”

“भूमिकेची गरज म्हणून कुणी दिली, तर ते मागणं होत नाही,” काका म्हणाले. न्यायाधीशाचा कोट अंगावर असताना म्हणाले. मला हसावं की त्यांची कॉलर धरावी कळेना.

“अहो, दोन स्टेंट आहेत छातीत!”

“ठाऊक आहे. माझ्याच छातीत आहेत.” ते खुर्चीवर बसले. “तुला नाही कळायचं, चारू. तू ओढली नाहीस कधी. रोज त्या प्रवेशात मी जीव ओतून ओढतो. हात ओढतो, छाती ओढते, डोळे मिटतात. आणि आत काय येतं? पुदिना. पंगतीत बसवायचं, पान वाढायचं, तोंडाला पाणी सुटेपर्यंत थांबायचं, आणि म्हणायचं उठा. असं रोज. घरी बसलो असतो तर सुटली असती. पण नाटक सोडून घरी बसायचं कसं, तेही येत नाही मला.”

त्यांची दया यायला हवी होती. आज येते. तेव्हा नुसता संताप आला. एवढे दिवस मी सगळ्या जगाशी भांडत होते, ते या माणसाच्या जिवासाठी, आणि हा माणूस टाचणी घेऊन माझ्याच विरुद्ध बाजूला बसला होता. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते मी स्वतः घागरी वाहून ओतत होते.

मी दोरखंडामागे हात घातला आणि नंदूदाचं पाकीट ओढून काढलं. एक सिगारेट ओठांत धरली. कार्ट्रिजं तपासून तपासून एवढं मला येऊ लागलं होतं. काडी ओढली, सिगारेट पेटली, आणि खऱ्या धुराचा झटका बसून मी डोळ्यांत पाणी येईपर्यंत खोकले. मग ती त्यांच्या समोर धरली.

“घ्या.”

“चारू…”

“घ्या! मागायची गरज नाही. मी देतेय. कुणीतरी द्यायला हवी होती ना? ही घ्या, दिली. शब्द मोडत नाही तुमचा. काकूंना मी सांगेन, मी दिली म्हणून. ओढा, आणि सुटू द्या एकदाचं सगळ्यांना!”

धूर आमच्या दोघांच्या मध्ये चढत होता. काकांच्या नाकपुड्या हलल्या. उजवा हात गुडघ्यावरून उठला, आणि पहिली दोन बोटं आपोआप फाकली, सिगारेट धरायला फाकतात तशी. चाळीस वर्षांची सवय त्या दोन बोटांत होती. हात माझ्या हातापासून वितीवर आला.

तिथे थांबला.

मी बघत होते. माझा राग माझ्या देखत उतरत होता आणि त्या जागी भीती येत होती, कारण मी काय केलंय हे मला आता कळायला लागलं होतं. पण हात मागे घ्यायचं बळही माझ्यात नव्हतं. काका त्या जळत्या टोकाकडे बघत राहिले. राख वाढली, वाकली आणि माझ्या साडीवर पडली.

“पाणी दे,” ते म्हणाले.

“काय?”

“पाणी दे गं, चारू.”

मी सिगारेट चहाच्या उष्ट्या कपात बुडवली आणि तांब्यातलं पाणी पेल्यात ओतून दिलं. ते उभं राहून प्यायले. निम्मं पाणी कोटावर सांडलं. पेला त्यांनी माझ्या हातात परत दिला, बाहीनं तोंड पुसलं, आणि तेवढ्यात दुसऱ्या अंकाची घंटा झाली. ते गेले. ती टाचणी उचलून मी पदराला लावली आणि त्यांच्या मागे गेले, कारण पहिली एन्ट्री माझी होती.

आता इथे सांगता आलं असतं तर किती बरं झालं असतं, की तो प्रयोग अविस्मरणीय झाला. नाही झाला. शेवटच्या प्रवेशात काका आरामखुर्चीत बसले, हात मांडीवर ठेवून. वरचा दिवा लागला. त्यात धूळ दिसली, धूर नाही. पडदा ओढणारा गडी धुराची वाट बघत राहिला, कारण त्याला तीच खूण दिली होती. प्रेक्षक खोकायला लागले, खुर्च्या वाजल्या, मागच्या रांगेतल्यांना वाटलं संपलं, ते उठले. शेवटी मीच विंगेतून ओरडले, तेव्हा पडदा पडला.

नंदूदा शिव्याबिव्या देत नाही. त्यानं फक्त विचारलं, “सिगारेट कुठे होती?”

“कार्ट्रिजं बिघडली,” मी म्हटलं.

“मग पाकीट ठेवलं होतं ना मी?”

“मी दिली नाही,” मी म्हटलं.

काका मेकअप पुसत होते. आरशात त्यांची नजर माझ्या नजरेला भिडली आणि खाली गेली.

कोल्हापूरला न्यायाधीश दुसऱ्यानं केला. त्याला काम पाठ होतं आणि फुफ्फुसं धडधाकट होती. धूर असा काही चढला की कॉन्ट्रॅक्टरांनी तिथल्या तिथे हंगाम ठरवला. काका सांगलीहूनच सकाळच्या एसटीनं पुण्याला गेले होते. त्यानंतर त्यांनी नाटक केलं नाही. लालवाणीची माफी मागायला मी पुढे केव्हातरी गेले, तर त्या जागी मोबाइलची कव्हरं लटकत होती.

काका आता सत्तरी ओलांडून गेलेत. रोज सकाळी टेकडीवर जातात. डॉक्टर म्हणतात, हृदय तिशीतल्या माणसाचं नाही, पण पन्नाशीतल्याचं नक्की आहे. दर दिवाळीला मी त्यांच्याकडे जाते, आणि दर दिवाळीला काकू बसलेल्या पाहुण्यांना माझी ओळख करून देतात.

“ही ती चारू. सगळी कंपनी एका बाजूला आणि ही एका बाजूला. नोकरी जायची वेळ आली, पण हिनं ह्यांना सिगारेट दिली नाही.”

“नाही दिली,” काका म्हणतात. “नाहीतर मी कुठला थांबतोय!”

गेल्या वर्षी काकू आत गेल्या तेव्हा मी काकांना हळूच म्हटलं, “काका, का असं सांगता? खरं काय ते एकदा सांगून टाकू या त्यांना. त्यांना वाटतं, समोर आली तर तुम्ही नाही म्हणणारच नाही. त्यांना कळायला नको?”

काकांनी दाराकडे पाहिलं.

“सांगायला गेलं की आधी टाचणी सांगावी लागेल,” ते म्हणाले. “तेवढी हिंमत नाही गं माझ्यात.”

काकू बशी घेऊन बाहेर आल्या. सगळ्यांना एकेक करंजी दिली, माझ्या बशीत दोन ठेवल्या आणि डोक्यावरून हात फिरवला. “खा. माझा माणूस राखलास तू.”

मी दिली होती हो, काकू. पेटवून समोर धरली होती. त्यांनीच घेतली नाही.

मी करंजी खाल्ली.